हातातलं वजन, काट्यावरचं वजन

मराठीत दोन्हींना 'वजन'च म्हणतात. खाण्याच्या विकारातून, म्हणजे ईटिंग डिसऑर्डरमधून सावरणाऱ्यांचा घोळ बरेचदा इथेच होतो. डंबेलवरचा आकडा वाढावा असं वाटणं चांगलं आहे. पण काट्यावरच्या आकड्याची जुनी दहशत त्याच व्यायामाच्या वहीत येऊन बसली, की व्यायाम आजाराचंच काम करू लागतो. म्हणून वहीत चारच रकाने ठेवा: व्यायामप्रकार, किती किलो, किती रेप्स (म्हणजे तीच हालचाल किती वेळा) आणि 'आधी खाल्लं का?' शेवटच्या रकान्यात फक्त हो किंवा नाही लिहायचं. कमरेचा घेर, शरीराचं वजन, जळालेल्या कॅलरी यांना या वहीत जागा नाही. मनगटावरचं घड्याळही काढून ठेवा.

सुरुवात मात्र डॉक्टरांकडे होते. झोपून आणि उभं राहून मोजलेली नाडी आणि रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम एवढं तपासून परवानगी मिळेपर्यंत डंबेलला हात लावायचा नाही. इथे एक पळवाट फार ऐकू येते: 'माझी नाडी कमी आहे कारण मी फिट आहे.' उपासमारीतही शरीर काटकसर म्हणून नाडी मंदावतं, जागेपणी मिनिटाला ५० च्याही खाली नेतं. अशा वेळी नुसतं उभं राहिलं तरी ती २०-३० ठोक्यांनी उसळत असेल, तर त्याला तंदुरुस्ती म्हणत नाहीत. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे उलटी झाली त्या दिवशी व्यायाम नाही, कितीही बरं वाटत असलं तरी. दीर्घ उपासमारीनंतर खाणं नुकतंच वाढवलं असेल तेव्हा फॉस्फरस एकदम घसरू शकतो. तो काळ विश्रांतीचाच.

पाळी काही महिने बंद असेल किंवा कमी खाणं बराच काळ चाललं असेल, तर हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. 'वजनं उचलली की हाडं मजबूत होतात' हे अर्धंच खरं आहे. अन्न पुरेसं नसेल आणि संप्रेरकं (हार्मोन्स) झोपलेली असतील, तर स्क्वाट, म्हणजे बैठक, हाड बांधत नाही, उलट थकलेल्या हाडाला बारीक तडा जाण्याची भीती वाढते. घनता कमी निघाली तर उड्या, सिट-अप्स आणि हातात वजन घेऊन पाठीला बाक देत वाकणं बंद.

हे सगळं पार पडलं, की आराखडा साधाच असतो. आठवड्यात दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास, एका वेळी ३० ते ४० मिनिटं. खुर्चीवर बसून उठण्याचा स्क्वाट, दोन्ही हातांत डंबेल घेऊन कंबरेतून वाकणं (पाठ सरळ), भिंतीला किंवा टेबलाला हात टेकून पुश-अप, बसून ओढायचा रो (वल्हं मारल्यासारखे हात मागे ओढणं). प्रत्येकाचे २ सेट, म्हणजे फेऱ्या, आणि दर सेटमध्ये ८ ते १२ रेप्स. अजून ३-४ रेप्स जमल्या असत्या असं वाटत असतानाच थांबायचं. जोर लावताना श्वास सोडा, रोखून धरू नका. सलग दोन सत्रांत दोन्ही सेटमध्ये १२ रेप्स नीट झाल्या, की १ ते २ किलो वाढवा.

दोन सेटमध्ये दोन मिनिटं बसायचं, आणि खरोखर बसायचं. आमच्या मते या आराखड्यातला सर्वांत अवघड भाग हाच. बसण्याऐवजी जागच्या जागी चालणं, पाय हलवत राहणं सुरू झालं, की समजावं डोक्यात अजून 'जाळायचं' गणित चालू आहे.

खाण्याचा नियम एकच: ठरलेलं जेवण चुकलं तर ते सत्र रद्द. सत्राच्या एक-दोन तास आधी पिष्टमय पदार्थ असलेलं काहीतरी पोटात हवं, नंतर पुन्हा खाणं हवं, आणि व्यायामाला लागणारं इंधन रोजच्या आहारात वरून जोडायचं. ते किती, हे आहारतज्ज्ञ ठरवतील. इथे मुद्दामच आकडा देत नाही. जेवणाच्या जागी प्रोटीन शेक आला, की ते नव्या नावाचं जुनंच उपाशी राहणं.

पहिल्या काही आठवड्यांत काटा वर गेला तर घाबरायला होतं. स्नायू ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठवतात तेव्हा त्याच्या एका ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात, आणि दुखऱ्या स्नायूंना थोडी सूजही असते. अ‍ॅनोरेक्सियातून, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या विकारातून, सावरताना चरबी बहुधा आधी पोटाभोवती येते आणि पुढच्या काही महिन्यांत, कधी वर्षभरात, इतरत्र पसरते. पोटाचे व्यायाम करून ती तिथून हलत नाही. भरपूर खाण्याचे झटके येत असतील तर 'काल जास्त खाल्लं म्हणून आज एक सेट जास्त' हा व्यवहार बंद. सेट वहीत आधीच लिहिलेले असतात, तेवढेच.

प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा: मोजमाप नको, आधीचे-नंतरचे फोटो नकोत, चरबीची भाषा नको. हे ऐकून जो हसेल त्याच्याकडे शिकू नका. चक्कर, छातीत धडधड किंवा दुखणं, एकाच हाडावर बोट ठेवल्यावर होणारी वेदना, पाळी पुन्हा बंद होणं, यांपैकी काहीही दिसलं तर सत्र तिथेच सोडून डॉक्टरांना कळवा.

आणि दर चौथ्या आठवड्यात एक सत्र मुद्दाम रद्द करा, आजारी नसताना, वेळ असतानाही. त्या दिवशी चिडचिड झाली, जिन्याच्या फेऱ्या वाढल्या, दार लावून गुपचूप बैठका मारल्या, तर पुढचं सत्र ठरवण्याआधी ते थेरपिस्टच्या कानावर घाला. रात्रीचं जेवण मात्र ठरल्या वेळी आणि ठरलं तेवढंच.