दोन खुणांमधलं अंतर

आठवीत शास्त्राच्या तासाला सरांनी फळ्याच्या वरच्या खिळ्याला दोरा बांधून लोखंडाचा गोळा टांगला होता. दोरा एक मीटरचा. गोळा बाजूला नेऊन सोडला की या टोकापासून त्या टोकाला जायला त्याला एक सेकंद लागतो, हे त्यांनी घड्याळ लावून दाखवलं. धडा तिथेच संपत होता, पण सर थांबले नाहीत. सेकंदाला चार ठोके पडतील अशा लयीत ते टेबलावर पट्टी वाजवू लागले. ठोका पडेल तेव्हा गोळा जिथे असेल तिथे फळ्यावर खडूने खूण करायची, हे काम माझ्याकडे आलं. पहिल्या कितीतरी फेऱ्या वाया गेल्या. मग एका फेरीत एकच खूण, असं करत पाच खुणा जमल्या. टोकाशी असलेल्या दोन खुणांमध्ये चार बोटांचं अंतर होतं, मधल्या खुणांमध्ये जवळजवळ वीतभर. "वेळ सारखा आहे, मग अंतर सारखं का नाही?" सरांनी विचारलं आणि उत्तर न देता तास संपवला.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा स्नेहसंमेलनं, सहली, बक्षिसं असं बरंच डोळ्यांपुढून गेलं. पण गेली तीस वर्षं मी ज्यावर पोट भरतो आहे, ते त्या पाच खुणांमध्ये आहे. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो.

मी अ‍ॅनिमेशन चित्रपटांचा दिग्दर्शक आहे. सुरुवात केली ती इनबिटवीनर म्हणून. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतल्या मोक्याच्या जागांची चित्रं काढतो, त्यांना की ड्रॉइंग म्हणतात. त्यांच्या मधली चित्रं भरायची ती इनबिटवीनरने. खालून उजेड येणारं टेबल, कागद हलू नयेत म्हणून पेगबार, आणि डाव्या हाताच्या बोटांत अडकवलेले चार-पाच कागद, जे सतत उलटसुलट करून हालचाल बघत राहायची. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. ८० मिनिटांच्या चित्रपटाच्या फ्रेम भरतात १ लाख १५ हजार २००.

दोन वर्षांनी मला पहिला स्वतंत्र शॉट मिळाला. म्हातारी खुर्चीतून उठते, एवढाच. सहा सेकंद, ७२ चित्रं. तीन आठवडे मी तिच्या सुरकुत्या, पदराच्या चुण्या, बोटांची पेरं यांवर जीव ओतला. लाइन टेस्ट, म्हणजे पेन्सिलीची चित्रं ओळीने चालवून केलेली चाचणी, पाहिली तर म्हातारी खुर्चीतून उठत नव्हती, तरंगत वर जात होती. आमच्या ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरनी माझी चित्रं बघितलीसुद्धा नाहीत. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यातला चार्ट पाहिला. मधली चित्रं कुठे कुठे पडणार ते दाखवणाऱ्या बारीक रेघा तिथे असतात. माझ्या सगळ्या रेघा सारख्या अंतरावर होत्या. "हिला वजनच नाही," ते म्हणाले.

त्या क्षणी मला फळा दिसला. तेवढ्याच वेळात कमी अंतर म्हणजे हालचाल संथ, जास्त अंतर म्हणजे वेगवान. उठताना म्हातारीचा सगळा भार आधी पुढे गुडघ्यांवर यायला हवा, हात खुर्चीच्या दांड्यांवर दाबले जायला हवेत, तिथे चित्रं दाटीने यायला हवीत. मग एकदम सुटून वर. मी वीसेक चित्रं नव्याने काढली, बाकीच्यांच्या जागा बदलल्या. चेहऱ्याला हात लावला नाही. या खेपेला ती उठली, आणि उठताना तिला त्रास झालेला दिसला.

१९४१ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात दाखल झालेले अ‍ॅनिमेटर नॉर्मन मॅकलॅरेन सांगत, की प्रत्येक फ्रेमवर काय आहे यापेक्षा दोन फ्रेमच्या मधे काय घडतं याला अधिक मोल आहे. ते मी फार उशिरा वाचलं. वाचताना ओळखीचं वाटलं.

१९९५ मध्ये पूर्ण लांबीचा पहिला संगणकीय अ‍ॅनिमेशनपट आला आणि पुढच्या काही वर्षांत आमची उजेडाची टेबलं कोपऱ्यात गेली. आता मधली चित्रं संगणक भरतो. पण तो आपल्या हिशेबाने भरतो. म्हातारीचे गुडघे दुखतात हे त्याला आपण सांगावं लागतं, आलेखातली वक्ररेषा ओढून ओढून. नव्या मुलांना मी आधी महिनाभर कागदावरच बसवतो. काहींना ते जाचक वाटतं, पण माझं मत बदललेलं नाही.

दिग्दर्शक झाल्यावर चित्रं काढणं कमी झालं. एरवीच्या सिनेमात जास्तीचं चित्रीकरण करून नंतर कापता येतं. आमच्याकडे कापायचं ते स्टोरीबोर्डवर, म्हणजे शॉटच्या कच्च्या चित्रांच्या आराखड्यावरच, कारण तयार झालेल्या एका सेकंदामागे कुणाचे तरी कित्येक दिवस गेलेले असतात. एक मोठा चित्रपट चौदा महिन्यांच्या कामानंतर पैशाअभावी बंद पडला. निर्मात्यांनी एका बैठकीत सांगितलं आणि संपलं. वीस जणांनी केलेलं काम खोक्यांत भरताना सर्वांत धाकटी मुलगी प्रत्येक शॉटच्या गठ्ठ्यावर नीट क्रमांक लिहीत होती, कधीतरी पुन्हा उघडतील म्हणून. ती खोकी माझ्याकडे आहेत. त्यातला एक शॉट अजून माझ्या डोक्यात रोज चालतो.

सध्या लघुपट करतो आहे, बारा मिनिटांचा. त्यात एक मुलगी एकटीच झोपाळ्यावर बसलेली आहे. दोर दोन मीटरचे, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ३४ फ्रेम. हा शॉट मी कुणाला दिलेला नाही, स्वतः कागदावर काढतो आहे. टोकाशी, झोपाळा परतण्याच्या आधी, ती क्षणभर थांबल्यासारखी होते. तिथे चित्रं इतकी जवळजवळ आहेत की पेन्सिलीच्या रेघेची जाडीही मोजावी लागते.

समारंभाला मी येणार आहे. शास्त्राच्या वर्गातल्या फळ्यावरचा तो खिळा अजून तिथे आहे का, तेवढं कुणीतरी बघून ठेवा. नसला तर मी येताना घेऊन येतो, आणि एक मीटर दोराही.