उनपदेवाची तोटी

उनपदेवला गेलं की माझी नजर आधी तोटी शोधते. जळगाव जिल्ह्यातल्या अडावदहून सातपुड्याकडे वळायचं, केळीच्या बागा मागे पडल्या की डोंगराच्या कुशीत हा झरा. गोमुखातून वाफाळतं पाणी कुंडात पडतं, कुंड भरून वाहत राहतं आणि कोणी म्हणून बंद करत नाही! परवा दुपारी पाय सोडून बसलो होतो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. ऊन पाणी असं फुकट चाललेलं मला बघवत नाही.

ही खोड बंबाची. आमच्याकडे तांब्याचा एक बंब आणि अंघोळीला नऊ माणसं. हिवाळ्यात पहाटे आजी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडून बंबात सारायची, अंगणभर धूर. एक बादली ऊन काढली की एक बादली गार वरून ओतायची, हा घरचा कायदा. ओतायला विसरणाऱ्याच्या नावाने पुढचा नंबरवाला न्हाणीच्या दाराशी शंख करायचा. (विसरणारा बहुतेक मीच.) शेवटचा नंबर आजीचा. तोवर विस्तवाची राख झालेली असायची. पाणी कोमट म्हणायचं, एवढंच.

शरभंग ऋषींची व्याधी जावी म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढलं, असं इथे सांगतात. भूगोलवाले सांगतात, तापीचं खोरं ही खचदरी, म्हणजे भेगांमधली जमीन खचून झालेली. भेगांमधून खोल उतरलेलं पाणी दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापत जातं आणि तसंच वर येतं. बाण म्हणा की भेग म्हणा, पऱ्हाट्या कोणालाच लागल्या नाहीत, याचंच मला नवल.

एकदा पौषात आजीला गुडघ्यांसाठी इथे आणलं होतं. लुगडं सावरत कुंडाच्या पायरीवर बसली ती बसलीच. आम्ही पोरं दोनदा डुंबून आलो, कळण्याची भाकरी, भरीत सगळं फस्त केलं, तरी ती पाण्यातच. शेवटी आई म्हणाली, “आत्याबाई, चला आता. मागं बाया खोळंबल्यात.”

“बसू दे माय. हे पानी काही सरत नही.”

गुडघे काही बरे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे गोधडीतून ऐकलं, अंगणात पऱ्हाट्या मोडत होत्या.