परिपत्रक ऐकताना
शेजारच्या टेबलावरचा अंध सहकारी एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून कानांनी वाचतो. आज परिपत्रकाची पीडीएफ उघडली, तर आवाज गप्प. स्कॅन केलेली, म्हणजे नुसता फोटो! वर्डची फाइल मागवली, ती युनिकोडआधीच्या फॉन्टमधली, म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचे कोड, वर नुसता मराठी मुखवटा. आम्हाला झकास मराठी दिसतं, त्याच्या कानात मात्र इंग्रजी अक्षरं, डॉलर, स्लॅश. "ऐक, मंत्र चाललेत," म्हणाला. मला काही हसू येईना.

शेवटी मजकूर युनिकोडमध्ये बदलला, मथळ्यांना हेडिंग स्टाइल दिली. मग पठ्ठ्या एच की दाबत मथळ्यामागून मथळ्यावर उड्या मारत थेट रजेच्या नियमांवर!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम हवा असं स्पष्ट आहे. (आमच्याकडे ती प्रतसुद्धा स्कॅनच असणार.) उद्या टायपिंगवाल्या ताईंना हेडिंग दाखवतोय. तक्त्यांचं घोडं अजून अडलेलंच आहे.