तुम्ही विचारलंत म्हणून: संस्थेत जाताना काय न्यावं?

सोलापूरला येणारे पाहुणे सिद्धेश्वराचं दर्शन, चादरी, शेंगाचटणी आटोपली की मला हमखास विचारतात, "बायकांना शिवणकाम शिकवणारी ती संस्था बघायची होती. जाताना काय न्यावं?" कुणाच्या मनात जुन्या साड्या असतात, कुणाच्या फराळाचे पुडे, कुणाला शिलाई मशीन भेट द्यायचं असतं. विचारणाऱ्यांना आच असते, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

काम न्या. ऑर्डर न्या.

संस्था म्हणजे शहराच्या पूर्व भागातली बंद पडलेल्या यंत्रमागाची एक शेड. वर पत्रा, खाली मशिनी, एका कोपऱ्यात पोरांसाठी सतरंजी. शिकायला येणाऱ्या बहुतेकजणी विडी कामगार, बऱ्याचजणींच्या घरात तेलुगू बोलतात. वर्ग दुपारचा असतो, कारण सकाळी आदल्या दिवशीच्या विड्या कारखान्यात द्यायच्या आणि पान-तंबाखू घेऊन यायची हा त्यांचा क्रम ठरलेला. हजार विड्या वळायला अख्खा दिवस जातो. त्यातून दुपारचे दोन-तीन तास काढायचे म्हणजे तेवढ्या विड्या कमी, तेवढे पैसे कमी. आणि घरचं दुपारचं काम वेगळंच.

"मग विडी सोडत का नाहीत?" हा पुढचा प्रश्न असतोच. कारण विडी घरी बसून वळता येते, पोराला मांडीवर घेऊन वळता येते, आणि कितीही कमी असली तरी मजुरी हातात पडते. कामगार म्हणून नोंद असेल तर फंडही असतो. विडी कामगार बायकांच्याच सहकारी गृहनिर्माण संस्थेतून सोलापूरजवळच्या कुंभारीला १०,००० घरं उभी राहिली, २००६ साली किल्ल्या मिळाल्या. ज्या कामानं डोक्यावर छप्पर दिलं ते कुणी शिवणाचा वर्ग निघाला म्हणून एका दिवसात सोडत नाही. आणि सोडू नये, असंच मला वाटतं. आधी दुसरं काम पक्कं व्हायला हवं. तंबाखूच्या धुळीनं आयुष्यभर खोकलेल्या आईला बघून मुलगी इथं येते, पण महिन्याचा किराणा तिलाही भरायचा असतो.

या बायकांना शिकवावं किती आणि त्यांच्या हातात आधीच काय असतं, हे मला कॉलरपाशी कळलं. गणवेशाच्या शर्टात कॉलर सगळ्यात अवघड. बक्रम, म्हणजे आतलं कडक कापड, लावून तीन बाजूंनी शिवायची, कोपऱ्यावरचं जादा कापड कापायचं, मग उलटवून टोक बाहेर काढायचं. टाक्याच्या फार जवळ कापलं तर टोकाला भोक पडतं, लांब कापलं तर आत गोळा राहतो. नव्या मुली कात्रीच्या टोकानं ढकलतात आणि कापड फाडतात. शेजारी बसलेल्या एका पन्नाशीतल्या बाईनं कात्री बाजूला ठेवली. अंगठा आणि तर्जनीत कोपरा घडी घालून धरला आणि तसाच उलटवला. टोक सरळ, टोकदार. शिक्षिकेनं विचारलं, "अक्का, हे कुठं शिकलात?" त्या म्हणाल्या, "विडीचं तोंड असंच मुडपतो की ओ. त्यात काय शिकायचं?"

हातात कसब आहे. अडतं ते पुढे. वर्ग संपतो, प्रमाणपत्र मिळतं, आणि घरच्या पायमशीनवर फॉल-पिको, ब्लाउज, फाटलेलं शिवणं एवढंच काम येतं. गल्लीत अशा चौघी असल्या की दर पडतो. म्हणून मशीन भेट देण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. गणवेशाला पॉवर मशीन, ओव्हरलॉक, काज-बटणाची सोय लागते. ती शेडमध्ये आहे, घराघरात होणार नाही. सोलापुरात गणवेशाचा धंदा मोठा आहे, इथला माल बाहेरच्या राज्यांत जातो. पण व्यापाऱ्याला एकसारखा आणि वेळेवर माल हवा, आणि तो सराव मोठ्या ऑर्डरीशिवाय होत नाही. पहिली शंभर शर्टं शिवल्यावरच एकशेएकावं व्यापाऱ्यापुढे ठेवण्यासारखं होतं. ती पहिली शंभर कुणीतरी द्यायला हवीत. तुमची शाळा, तुमचं हॉस्पिटल, सोसायटीच्या वॉचमनचे कपडे, लग्नातल्या आहेराच्या पिशव्या, काहीही चालेल.

फक्त रीतीनं द्या. शाळा १५ जूनला उघडते, तर मेअखेरीस फोन करू नका, फेब्रुवारीतच बोला. दर त्या सांगतील तो द्या. संस्था आहे म्हणून घासाघीस करायची नाही, आणि संस्था आहे म्हणून वाकडी शिवणही खपवून घ्यायची नाही. शिवण उसवली तर माल परत पाठवा, त्यांना राग येत नाही. निम्मे पैसे आगाऊ द्या, कारण दोरा, बटणं, बक्रम रोखीनं येतं. उरलेले माल घेतानाच द्या. "पुढच्या महिन्यात बघू" हे वाक्य त्या बाईला परवडत नाही.

साड्या, फराळ न्यायला हरकत नाही, पण आधी विचारून. फोटोही विचारूनच काढा. काहीजणी घरी न सांगता येतात.

जाल तर दुपारी दोननंतर जा, सोमवार टाळा, आणि मुलाचा जुना पण चांगल्या मापाचा एक गणवेश नमुन्याला सोबत ठेवा. कापड कुठलं घ्यायचं ते तिथल्या अक्काच सांगतील.