नागपुरी संत्रे आणि व्हिस्की सावर

व्हिस्कीत फळांचा रस मिसळला की दर्दी लोक नाक मुरडतात, आणि बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे खरेही असते. घरोघरी जे केले जाते ते साधारण असे: खोक्यातला संत्र्याचा रस ग्लासाच्या काठापर्यंत, त्यात एक पेग व्हिस्की आणि वर बर्फ. हे पेय धड सरबत नसते आणि धड व्हिस्कीही नसते. रसातल्या साखरेखाली व्हिस्कीचा लाकडी, किंचित व्हॅनिलाकडे झुकणारा गंध दबून जातो आणि घशाची जळजळ तेवढी शिल्लक राहते. फळ वापरायचे तर त्याच्याकडून नेमके कोणते काम करून घ्यायचे हे आधी ठरवावे लागते. नागपुरी संत्र्याच्या बाबतीत माझे मत पक्के आहे: सुगंध संत्र्याचा घ्यावा आणि आंबटपणा लिंबाचा.

मद्य, लिंबाचा रस आणि साखर या त्रिकुटावर उभ्या असलेल्या पेयांना सावर म्हणतात. अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमस याने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातही हा प्रकार आहे, म्हणजे त्याला दीडशेहून अधिक वर्षे सहज झाली. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत व्हिस्की सावरसाठी ४५ मिली बर्बन (मक्यापासूनची अमेरिकी व्हिस्की), २५ मिली लिंबाचा रस आणि २० मिली साखरेचा पाक असे प्रमाण दिलेले आहे. त्यातले लिंबू मात्र पिवळे, मोठे, जाड सालीचे. आपले कागदी लिंबू चवीला त्याहून तिखट लागते, म्हणून ते थोडे कमीच घ्यावे. संत्र्याचा रस घालून मी जे प्रमाण वापरतो ते असे: व्हिस्की ६० मिली, संत्र्याचा ताजा रस ४५ मिली, लिंबाचा रस २० मिली, साखरेचा पाक १५ मिली आणि चिमूटभर मीठ. मापासाठी वेगळे भांडे आणण्याची गरज नाही, कारण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे खुणा असलेले झाकण स्वच्छ धुऊन घेतले की या कामाला पुरते. पाकासाठी समान वजनाची साखर आणि पाणी साखर विरघळेपर्यंतच गरम करावे. एकतारीपर्यंत गेलात तर तो थंड बर्फात नीट मिसळत नाही.

व्हिस्की फार महागडी नको आणि धुरकट तर मुळीच नको. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या जळणाच्या, धुरावर वाळवलेल्या जवापासून केलेल्या स्कॉचशी संत्र्याचे जमत नाही, निदान माझ्या जिभेवर तरी नाही. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते, त्यामुळे तिच्यात येणारा व्हॅनिला आणि कॅरॅमलचा गोडसर वास संत्र्याच्या सालीशी छान जुळतो. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या धूर नसलेल्या सिंगल माल्टचेही (एकाच कारखान्यात, निव्वळ मोड आणलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्कीचेही) संत्र्याशी जमते. (महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण आणि हाती परवाना असावा लागतो, पाहुण्यांत कॉलेजची मुले असतील तर त्यांना व्हिस्की वगळून हेच सरबत द्यावे.)

खरी काळजी घ्यावी लागते ती रसाची. नागपुरी संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो आणि काही तास ठेवला की कडवट होऊ लागतो. फळाच्या पापुद्र्यांत आणि बियांत एक बेचव द्रव्य असते, रसातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचे हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होते, आणि लिमोनिन अत्यंत कडू असते. म्हणूनच मिक्सर नको. त्यात बिया फुटतात, पापुद्रे चिरडतात आणि कडवटपणाची बेगमी आपणच करून ठेवतो. संत्रे आडवे चिरून, बिया काढून, चहाच्या गाळणीवर हाताने हलके दाबावे आणि शेवटचा थेंब काढण्याचा हट्ट धरू नये. रस दहा मिनिटांच्या आत वापरावा. मिठाची चिमूट इथेच उपयोगी पडते, कारण मीठ कडवटपणा दाबते. लिंबाच्या सरबतात मीठ घालणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आंबिया बहाराचे हिवाळ्यातले फळ जरा आंबट असते, तेव्हा लिंबू पाच मिलीने कमी करावे; फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारे मृग बहाराचे फळ अधिक गोड, त्याला पूर्ण वीस मिली लागते.

सावरवरचा पांढरा फेस अंड्याच्या पांढऱ्याने आणतात. आमच्या घरात कच्चे अंडे कोणालाच मानवत नाही, म्हणून मी छोले शिजवल्यावर उरलेले घट्टसर पाणी वापरतो. छोले मीठ न घालता शिजवावेत, पाणी गार करावे आणि एका ग्लासाला २० मिली घ्यावे. त्यातली प्रथिने आणि सॅपोनिन हवा धरून ठेवतात, आणि लिंबाच्या आंबटपणात छोल्यांचा वास जाणवतही नाही. शेकरऐवजी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. आधी बर्फाशिवाय पंधरा-वीस सेकंद जोरात हलवावे. या वेळी झाकणावर तळहात घट्ट दाबून धरावा, नाहीतर ओट्यावर शिंतोडे उडतात. मग डबा अर्धा भरेल इतका बर्फ घालून पुन्हा तेवढाच वेळ हलवावे. आता आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते, झाकण स्वतःच आत ओढले जाते आणि डब्याच्या बाहेर दव जमते. दव जमले, बोटे गारठली, की थांबावे. बर्फाचे जे थोडे पाणी होते ते पेयाला हवेच असते. त्याशिवाय व्हिस्की टोचते.

गाळणीतून ग्लासात ओतले की शेवटी साल. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि तेलाने भरलेली असते. लहानपणी तिची चिळकांडी एकमेकांच्या डोळ्यांत उडवली नाही असा विदर्भातला माणूस विरळा. रुपयाएवढा तुकडा घेऊन, रंगीत बाजू खाली करून, फेसावर दुमडावा. तेलाचे बारीक तुषार फेसावर बसलेले दिसतात आणि ग्लास ओठाला लावण्यापूर्वीच संत्रे नाकाला भेटते. खोक्यातल्या रसात हे कधीच मिळत नाही.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरही हाच प्रयोग चालतो, फक्त ती कुस्करून दोनदा गाळावी लागते. हापूसच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्याचा दाट गर फेस बसू देत नाही आणि व्हिस्कीचा मागमूसही उरत नाही.

चारपाच पाहुणे येणार असतील तर व्हिस्की, पाक आणि मीठ दुपारीच एका बाटलीत मिसळून फ्रिजमध्ये ठेवावे. लिंबू आणि संत्री मात्र मंडळी बसल्यावरच चिरावीत, आणि एका डब्यात दोनपेक्षा अधिक ग्लासांचा माल कोंबू नये, कारण हलायला जागा उरली नाही तर फेस धरत नाही.