जेकिलचं घर आधी कागदावर काढा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या जेकिल-हाइडच्या गोष्टीत प्रतिष्ठित डॉ. जेकिल एक औषध पिऊन हाइड नावाच्या दुष्ट माणसात बदलतो. ती वाचायला घेतलीत, तर शेजारी कागद-पेन्सिल ठेवा आणि डॉ. जेकिलच्या घराचा नकाशा काढत जा. माणसाच्या दुहेरीपणाबद्दल लेखकाला जे म्हणायचंय, त्यातलं निम्मं तरी त्या घराच्या रचनेत आहे. ही रचना तो एका जागी सांगत नाही, तुकड्यातुकड्यांनी देतो. त्यामुळे भरभर वाचणाऱ्याच्या हातून ती निसटतेच.

पुढून पाहिलं तर लंडनमधल्या एका चौकातलं प्रतिष्ठित घर. शेजारच्या घरांना उतरती कळा लागलेली, खोल्या भाड्याने गेलेल्या. हे एकच अजून अखंड. आत शेकोटी, ओकची कपाटं. मागे अंगण, जे एकेकाळी बाग होतं. अंगणापलीकडे जुनं शवविच्छेदनगृह, कारण जेकिलने ही जागा एका नामांकित सर्जनच्या वारसांकडून विकत घेतली आहे. त्याच्या टोकाला जिना, लाल बनात लावलेलं दार आणि दाराआड जेकिलची खासगी खोली. या खोलीतून दुसरा एक जिना मागच्या गल्लीतल्या दाराकडे उतरतो. त्या दाराला ना घंटा, ना कडी वाजवायची सोय. रंगाला फोड आलेले. हाइडची ये-जा इथून.

पहिल्या प्रकरणात हेच दार दिसतं. हाइड पहाटे तीनच्या सुमारास एका लहान मुलीला तुडवून जातो, लोक त्याला पकडतात, 100 पौंड भरपाई ठरते. तो याच दारातून आत जाऊन 10 पौंड सोन्याच्या नाण्यांत आणि बाकीच्याचा चेक आणतो. ही हकिकत सांगणाऱ्या एन्फिल्डला वाटतं, चेकवर सही करणारा भला माणूस तर कुठल्याशा चौकात राहतो, त्याचा या दाराशी काय संबंध? दोन्ही दारं एकाच घराची आहेत हे त्याला पुढे कधीतरी उमगतं.

गॉथिक, म्हणजे भय आणि गूढ यांवर उभ्या असलेल्या कादंबऱ्यांच्या परंपरेत हे फार मोठं वळण आहे. 1764 च्या 'कॅसल ऑफ ओट्रँटो'मध्ये भय होतं दूरदेशीच्या, जुन्या काळच्या किल्ल्यात. 1847 च्या 'जेन एअर'मध्ये ते इंग्लंडमधल्या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडलेलं सापडतं. 1886 मध्ये ते लंडनच्या डॉक्टरच्या मागच्या दारी येतं, आणि त्या दाराची किल्ली मालकानेच दिलेली असते.

जेकिल म्हणजे चांगला, हाइड म्हणजे वाईट, ही वाटणी सर्रास केली जाते आणि ती चूक आहे. शेवटच्या निवेदनात जेकिल स्वतःच सांगतो की हाइड निव्वळ दुष्ट होता, पण जेकिल मात्र पूर्वीसारखाच सरमिसळ राहिला. म्हणजे औषधाने दोन माणसं वेगळी झालीच नाहीत; एका भागाला स्वतंत्र शरीर मिळालं, एवढंच. दुहेरी आयुष्य तो औषधाआधीपासूनच जगत होता. हाइड अंगाने लहान आणि वयाने तरुण का, याचंही कारण तिथेच आहे: तो भाग आजवर कमी वापरला गेला होता. पुढे त्याचं शरीर वाढू लागल्याचं जेकिलला जाणवतं.

आणि गंमत म्हणजे औषधावर त्याचा ताबा कधी नव्हताच. सुरुवातीला आणलेला क्षार अशुद्ध होता आणि ती अज्ञात अशुद्धीच काम करत होती, अशी त्याची शेवटी खात्री पटते. नंतर लंडनभर शोधूनही तसा क्षार मिळत नाही.

शरीरं बदलतात, पण कागद बदलत नाहीत. हाइडचं हस्ताक्षर म्हणजे जेकिलचंच, फक्त तिरपेपणा वेगळा; हे ओळखतो अटरसनचा कारकून. अटरसन म्हणजे जेकिलचा वकील आणि मित्र; गोष्ट बहुतांशी त्याच्याच नजरेतून उलगडते. जेकिलच्या मृत्युपत्रात कलम आहे की जेकिल मेला, किंवा तीन महिन्यांहून जास्त काळ बेपत्ता राहिला, तर सगळं हाइडला मिळावं. अटरसनला आधी ब्लॅकमेलचा संशय येतो, मग खोट्या दस्तऐवजाचा. जानेवारी 1886 मध्ये एक शिलिंगाला हे पुस्तक घेणाऱ्या वाचकालाही तसंच वाटलं असणार. दहापैकी शेवटच्या दोन प्रकरणांतच खरं काय ते कळतं. आज रहस्य सगळ्यांना ठाऊक, म्हणून पहिली आठ प्रकरणं घाईत उरकली जातात. त्यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक प्रकरणाअखेरीस अटरसनला या क्षणी काय वाटतंय, ते एका ओळीत लिहून ठेवा.

हाइडचा चेहरा शोधू नका, पुस्तकात तो नीटसा नाहीच. पाहणारा प्रत्येक जण म्हणतो की काहीतरी विद्रूप होतं, पण नेमकं काय ते कुणालाच सांगता येत नाही. 1887 मध्ये बॉस्टनला रिचर्ड मॅन्सफील्ड या नटाने त्याला रंगभूमीवर आणलं आणि तेव्हापासून हाइडला ठरावीक रूप देणं भाग पडलं. माझ्या मते मूळ गोष्टीचं सर्वांत मोठं नुकसान तिथे झालं.

शेजारी ऑस्कर वाइल्डची 'डोरियन ग्रे' ही कादंबरी (तिच्यात नायक तरुणच राहतो, म्हातारं होतं ते त्याचं चित्र) ठेवून दोन्हींचे शेवट ताडून पाहा. दोन्हीकडे नोकरमाणसं बंद खोली फोडायला येतात. जेकिलच्या खोलीचं कुलूप कुऱ्हाडीच्या पाचव्या घावाला तुटतं. डोरियनचं दार हलतच नाही, म्हणून छतावरून बाल्कनीत उतरावं लागतं. आत एकीकडे जेकिलच्या मापाचे ढगळ कपडे घातलेला हाइड, दुसरीकडे डोरियनचं सुरकुतलेलं प्रेत, जे बोटांतल्या अंगठ्यांवरून ओळखावं लागतं. चेहरा दोन्हीकडे निरुपयोगी ठरलेला.

शेवटचं प्रकरण वाचताना सर्वनामांखाली रेघा मारा. 'मी' कोण आणि 'तो' कोण, हे परिच्छेदागणिक बदलतं. हाइडबद्दल लिहिताना एका जागी जेकिल स्पष्टच म्हणतो की इथे आपल्याला 'मी' म्हणवत नाही. अखेरच्या वाक्यात तर तो हेन्री जेकिलचं आयुष्य संपवत असल्याचं लिहितो, जणू जेकिल दुसराच कुणी आहे. ते वाक्य नेमकं कुणाचं, याचा निवाडा करायला अटरसन परत येत नाही. निवेदनाबरोबर पुस्तकही तिथेच संपतं.