टँकर सुरू झालेत हे मशीनला कुणी सांगितलंच नाही

आमच्या घरात कॉफी म्हणजे सासूबाईंची कॉफी. पातेल्यात दूध, साखर, इन्स्टंट पावडर आणि गॅस बंद करता करता किसणीवर दोनदा घासलेलं जायफळ. ती झोप उडावी म्हणून पितात की लागावी म्हणून, हे लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मला उमगलेलं नाही. नवरा पक्का चहाबाज. त्यामुळे २०२३ च्या जुलैत बिया दळून थेट कपात कॉफी देणारं मशीन घरी आलं, तेव्हा हे लाड कुणाचे ते कुणी विचारलं नाही. किंमत ऐकून आई एवढंच म्हणाल्या, "एवढ्यात दोन घरघंट्या आल्या असत्या गं."

तसं पाहिलं तर मी घरघंटीच आणली होती. वर बियांचं भांडं, त्याखाली शंकूच्या आकाराचं दातेरी जातं. दळलेली पूड आतल्या गाभ्यात पडते, एक दट्ट्या ती दाबून तिची वडी करतो, पंप त्या वडीतून गरम पाणी ढकलतो. कॉफी कपात येते आणि चोथ्याची ओली वडी मागच्या डब्यात पडते. खोक्यावर '१५ बार' असं ठळक छापलेलं होतं. तो पंपाचा जास्तीत जास्त दाब. कॉफी उतरायला साधारण ९ बार पुरतात, बाकीचे खोक्यावर शोभेला.

पहिले पंधरा दिवस दळण जमवण्यात गेले. जाड-बारीकची कळ जातं चालू असतानाच फिरवायची असते. बंद जात्याची कळ बारीककडे रेटली तर दातांमध्ये राहिलेले तुकडे अडतात. शिवाय फिरवल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, आधीची पूड वाटेत असते, दोन-तीन कप जाऊ द्यावे लागतात. मला कुठला धीर! मी दर कपाला कळ फिरवायचे आणि सारखी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जायचे. शेवटी हिशेबाच्या वहीत एक पान केलं: कळीचा आकडा, चाळीस मिलिलिटरला लागलेले सेकंद, चव. वीस ते पंचवीस सेकंदांत कप भरला की कॉफी बरी लागते, हे त्या पानामुळे कळलं.

पहिली पिशवी मी काळ्याकुट्ट, तुकतुकीत बियांची आणली होती. जितक्या काळ्या तितकी कडक, अशी माझी समजूत. त्या बियांना तेल सुटलेलं असतं, त्या भांड्याच्या उतारावर चिकटून बसतात आणि खाली जातं रिकामं घरघरत राहतं. भांड्यात बिया दिसताहेत आणि मशीन म्हणतंय बिया संपल्या! आता मी मध्यम भाजलेली अरेबिका आणते, चिकमगळूरकडची, एका वेळी पाव किलो. तिकडच्याच डोंगरात बाबा बुडन यांनी येमेनहून लपवून आणलेल्या सात बिया लावल्या अशी आख्यायिका आहे. माझ्या एका कपाला साठेक बिया लागतात.

खोक्यात एक कागदी पट्टीही होती. ती पाण्यात सेकंदभर बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि चारपैकी किती चौकोन लाल झाले ते मोजायचं. चार लाल म्हणजे पाणी फार जड, क्षारांनी भरलेलं, एक म्हणजे हलकं. जुलै महिना, नळाला महापालिकेचं पाणी, एकच चौकोन लाल झाला. कारखान्यातून मशीन 'सगळ्यात जड पाणी' असं समजून आलेलं होतं. मी बटणं दाबून ते 'हलकं' केलं. पुस्तिकेत लिहिलंच होतं की पाणी हलकं असेल तर क्षार काढायची धुलाई कमी वेळा करावी लागते. आपण किती नीट वाचून वापरतो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सप्टेंबरात गणपतीला आम्ही देवरुखला गेलो, गौरी-गणपती विसर्जन करून आठव्या दिवशी परतलो. मशीन उघडलं तर डब्यात चोथ्याच्या वड्यांवर हिरवट-पांढरी लव. ओलावा, अंधार, बंद झाकण, बुरशीला आणखी काय हवं? डबा उकळत्या पाण्यानं धुतला, ट्रे घासला, आणि तेव्हा पहिल्यांदा बाजूचं दार उघडून तो गाभा बाहेर काढला. दोन लाल कळा दाबल्या की तो हातात येतो. आत ओल्या पुडीचा चिखल आणि तिथंही बुरशीची सुरुवात. गाभा नुसत्या कोमट पाण्याखाली धुवायचा असतो. साबण लावला तर त्याच्या सरकत्या भागांवरचं वंगण जातं, मग तो कुरकुरतो आणि अडतो. आता दर रविवारी तो माझ्या ओट्यावर पालथा वाळत असतो. एक रात्रही बाहेर जायचं असलं तरी डबा रिकामा, ट्रे कोरडा, गाभा बाहेर, दार उघडं. नवरा म्हणतो, कुलूप लावण्याआधी गॅस बघायचा असतो, तू कॉफी बघतेस.

दिवाळीतला एक प्रकार त्याच्याच नावावर आहे. दळलेली पूड वरून टाकायची एक खिडकी मशीनला असते. पाहुणे आले, मी बाहेर होते, यांनी त्या खिडकीतून आईंच्या बरणीतली इन्स्टंट पावडर दोन चमचे ओतली. इन्स्टंट म्हणजे आधीच काढून वाळवलेली कॉफी, ती विरघळते. आतल्या वाफेनं ती भिजली आणि नळीत चिक्कीसारखी बसली. विणायच्या सुईनं ती खरवडायला मला पाडव्याची अर्धी दुपार लागली. ओवाळणी त्या वर्षी चांगली मिळाली.

आता मुख्य दुखणं.

त्या साली ऑगस्ट कोरडा गेला होता. आम्ही राहतो पुण्यात उंड्रीला, तिथं टँकर काही नवीन नाहीत, पण या खेपेला ते जानेवारीतच सुरू झाले. मार्चपासून कप भरायला वेळ लागू लागला. वहीत तेवीस सेकंदांचे पस्तीस झाले, मग पन्नास. मी दळण जाड केलं. थोडा फरक पडला. अजून जाड केलं. मे महिन्यात कॉफी थेंबाथेंबानं पडायला लागली, कपात येईपर्यंत कोमट, आणि दळण इतकं जाड की चवीला नुसतं पांचट पाणी. मशीनवरचा क्षारांचा दिवा मात्र एकदाही लागला नव्हता, त्यामुळे त्या बाजूनं मी निश्चिंत होते.

दुरुस्ती केंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, कॉफी राहू द्या. नुसतं गरम पाणी काढा बघू." काढलं. पाण्याची धार दोऱ्याएवढी, आणि वाफ दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकत आलेली.

"म्हणजे जात्याचं काही नाही. नुसतं पाणीच येत नाहीये. पाणी कुठलं वापरता?"

"नळाचं."

"ते कळलं. नळाला कुठलं येतं?"

या प्रश्नावर मी गप्पच झाले. एप्रिलमध्ये गीझरची कॉइल बदलताना इलेक्ट्रिशियननं मला जुनी कॉइल दाखवली होती. तिच्यावर चुन्याचा जाड पांढरा थर होता, खडूसारखा. "टँकरचं पाणी, ताई, दुसरं काय," असं तो म्हणालाही होता. बाथरूममधलं पाणी आणि स्वयंपाकघरातलं पाणी एकाच टाकीतून येतं, हे मला महिनाभर सुचू नये?

क्षारांचा दिवा क्षार बघून लागतच नाही. आत किती थर साठला हे मशीन मोजत नाही. ते किती पाणी गेलं एवढंच मोजतं आणि आपण सांगितलेल्या जडपणावर हिशेब करतं. माझ्या मशीनला जुलैतलं पावसाळी पाणी माहीत होतं, त्यावर ते भाबडेपणानं लिटर मोजत बसलं होतं. उरलेल्या पट्ट्यांतली एक बुडवली. चारही चौकोन लाल.

आपल्याकडे टँकरमधून येणारं बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून येतं, येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माणसाला ते चालतं. काडीएवढ्या नळीतून पाणी तापवणाऱ्या यंत्राला ते कसं चालावं?

क्षार काढायला काय वापरायचं यावर सोसायटीत एकमत झालं नाही. समोरच्या काकूंनी लिंबूसत्त्व सुचवलं, कुकरचा तळ त्या त्यानंच काढतात. ते स्वस्त आहे आणि क्षार खातंही. पण पाणी तापलं की त्यातून कॅल्शियम सायट्रेट तयार होतं, ते गरम पाण्यात कमी विरघळतं आणि अरुंद नळीत नवा गाळ होऊन बसू शकतं. माझं मशीन धुलाईच्या वेळीही पाणी तापवतं, म्हणून लिंबूसत्त्व बाद. व्हिनेगरचा वास जाता जात नाही आणि रबराच्या चकत्यांना ते मानवत नाही. मी लॅक्टिक ॲसिडचं तयार द्रावण मागवलं. लॅक्टिक ॲसिड म्हणजे दह्या-ताकातलंच आम्ल, हे ऐकून नवऱ्याचे डोळे लकाकले. त्याला तिथंच सांगितलं, टाकीत ताक ओतायचं नाही.

द्रावण आलं बुधवारी रात्री. गुरुवारी मला सुट्टी होती, म्हणून सकाळी दहाला सुरू केलं. पुण्यात राहून गुरुवार निवडणाऱ्या बाईला काय म्हणावं? गुरुवार हा इथला दुरुस्तीचा वार, पाण्याचाही आणि विजेचाही.

टाकीत १०० मिलिलिटर द्रावण आणि लिटरभर पाणी, वाफेच्या नळीखाली मोठं पातेलं, कळ उघडायची आणि बटण दाबून धरायचं. मशीन थोडं पाणी सोडतं, मग काही मिनिटं गप्प बसतं, म्हणजे आम्ल आत मुरतं. परत थोडं सोडतं. सगळं मिळून अर्धा तास. पहिली दहा मिनिटं पिवळट पाणी आलं. मग पातेल्याच्या तळाशी पांढरी कचकच दिसायला लागली, बोटांत चोळली तर रांगोळीसारखी. मी आईंना हाक मारून दाखवलं. "अगं बाई, हे आपण पीत होतो?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आपण प्यायलो ते गेलं, हे आत राहिलेलं आहे.

बाविसाव्या मिनिटाला वीज गेली.

मशीनच्या पोटात आम्ल, टाकीत अर्धं आम्ल, आणि वीज संध्याकाळी पाचला येणार असा मेसेज. दुरुस्ती केंद्रातल्या मुलाला पुन्हा फोन. "काही करू नका. टाकी काढून धुऊन ठेवा, वीज आली की ते जिथं थांबलं तिथून मागेल." पाचला वीज आली, दिवे लुकलुकले, आणि मशीन हटून बसलं. आधी धुलाई पुरी करा, मग टाकीभर स्वच्छ पाण्यानं विसळा, तोवर कॉफी नाही. विसळायला पाणी कुठून आणायचं? नळ कोरडा. शेवटी खालच्या दुकानातून पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार वर आणला आणि चार टाक्या विसळण्यात घालवल्या. पुस्तिकेत एक सांगितली होती. पण दिवसभर आम्ल आत बसल्यावर माझी हिंमत होईना.

त्या रात्री चाळीस सेकंदांत कप भरला. तेवीसवर तो आला पुढच्या रविवारी, दुसऱ्या धुलाईनंतर. दळणाची कळ परत जुन्या आकड्यावर आणली. तीन महिने जात्यावर संशय घेतला होता. त्याचा काही दोष नव्हता.

पाण्याचं काय करायचं हे उरलंच होतं. घरात आरओ आहे. पण नुसत्या आरओच्या पाण्याची कॉफी मी सुरुवातीला करून पाहिली होती, ती फिकी लागते. बियांमधला स्वाद ओढून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतात. कॉफीवाले लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार असलेलं पाणी चांगलं मानतात. माझ्या क्षार मोजायच्या मीटरवर आरओचा आकडा चाळीस, टँकरचा सहाशे चाळीस. तीन तांबे आरओचे आणि एक तांब्या नळाचा मिसळला की एकशे नव्वदच्या घरात जातो. मीटरला क्षार कुठले ते कळत नाही, जडपणा वेगळा बघावा लागतो, म्हणून त्या मिश्रणातही पट्टी बुडवली. दोन चौकोन. मशीनला 'दोन' सांगून टाकलं. पट्ट्या आता पाकिटानं आणते आणि तीन वेळा बुडवते: टँकर सुरू झाले की, बंद झाले की, आणि सोसायटीच्या टाक्या धुतल्या की. टँकर कधी सुरू झाले ते वॉचमनकडून कळतं, त्याला दिवाळीत वेगळा डबा जातो.

गाभ्याच्या रबरी चकत्यांना दोन-तीन महिन्यांनी खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉनचं वंगण बोटानं लावते. दुधाची वाफेची नळी मात्र वापरली की लगेच पुसून एकदा वाफ सोडावी लागते, आणि दूध फ्रिजमधलं गार, न तापवलेलं, पिशवीतलं. तापवलेल्या दुधाची साय त्या नळीच्या भोकात गेली की पुन्हा विणायची सुई.

गेल्या आठवड्यात धुलाईची वेळ आली होती. मी पातेलं नळीखाली ठेवत होते, तेवढ्यात आई आल्या. कालनिर्णयाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"गुरुवार आहे," त्या म्हणाल्या. "उद्या कर ते. आण, मी टाकते कॉफी दोघींना."

आणि जायफळ किसायला घेतलं.